कोटाला टाचलेली चिठ्ठी

परदेशात आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान. शिवायचो मी, गिऱ्हाइकांशी बोलायची बायको. गिऱ्हाइकं सगळी इंग्रजी बोलणारी. कुणी मला काही विचारलं की मी मान डोलवून 'येस, येस' म्हणायचो. मग ती आतून येऊन निस्तरायची.

चार वर्षांपूर्वी ती वाचनालयाच्या माडीवर इंग्रजीच्या वर्गाला जायला लागली. एकदा मेहुणा जेवायला होता. त्याच्यासमोर मी म्हणालो, "मडमबाई, आता आमच्याशी बोलायला दुभाषा ठेवणार का?" मेहुणा पोट धरून हसला. तीही हसली. पुढच्या आठवड्यात तिने वर्ग सोडला. दुकानात काम वाढलंय, म्हणाली. मला ते सोयीचं होतं, म्हणून मी खरं मानलं.

शिकणं मात्र तिने सोडलं नाही. गिऱ्हाइकाने सांगितलेलं काम ती चिठ्ठीवर इंग्रजीत लिहायची, सराव म्हणून, आणि चिठ्ठी कपड्याला टाचायची. सकाळी मी मशीनवर बसलो की मला मराठीत सांगायची. ही पँट दोन बोटं आखूड, हिची चेन बदला. त्यामुळे मला वाचता येत नाही याची कधी अडचण झाली नाही.

एका सकाळी ती ओट्याजवळ खाली बसली ती उठलीच नाही.

तीन आठवड्यांनी दुकान उघडलं तेव्हा खुंट्यांवर नऊ कपडे होते, नऊ चिठ्ठ्या. मुलगी फोनवर म्हणाली, फोटो पाठवा बाबा, मी वाचून सांगते. मी म्हटलं, चाळीस वर्षं सुई धरतोय, मला कपडा बघून काम कळतं. लेकीपुढे अडाणी ठरायचं नव्हतं, दुसरं काही नाही.

आठ कपडे निभावले. नववा पुरुषाचा राखाडी लोकरी कोट होता. दोन्ही बाह्यांवर, टोकापासून चार बोटं वर, टाचण्यांची सरळ ओळ. आमच्या धंद्यात अशा ओळीचा अर्थ एकच. मी बाह्या कापल्या, दुमडल्या, छान इस्त्री केली.

कोट न्यायला एक म्हातारी आली. तिने बाहीत हात घातला, टोकापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. मग मला काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "येस, येस." ती माझ्याकडे बघत राहिली. कोट टेबलावर ठेवून निघून गेली.

तेव्हा कुठे मी चिठ्ठीचा फोटो पाठवला. मुलीने वाचून दाखवलं. नवऱ्याचा कोट, ते वारले. बाह्या कापू नका. टाचणीपर्यंत झिजलंय तेवढंच रफू. खाली बाईंचा फोन नंबर होता. मुलगी म्हणाली, मीच बोलते त्यांच्याशी. मी म्हटलं, फक्त शुक्रवारी बोलाव. बाकीचं मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाची माडी चढलो. शिकवणाऱ्या बाई मराठीच निघाल्या. दुकानाचं नाव ऐकताच त्यांनी विचारलं, "त्या कशा आहेत? वर्ग सोडताना म्हणाल्या होत्या, ह्यांना एकट्याला फार काम पडतं." मी खाली बघून सांगितलं, ती गेली. त्यांनी माझ्याकडून तीन इंग्रजी वाक्यं घोकून घेतली. चूक माझी. मला वाचता येत नाही. कुणाला विचारायची लाज वाटली. चौथं त्या स्वतःहून शिकवायला लागल्या, माझी बायको वारली. ते नको, मी म्हटलं, त्यावर दया मागायची नाही.

कापलेल्या पट्ट्या मी टाकत नाही. त्या बाह्यांना परत जोडल्या. जोड लपला नाही.

शुक्रवारी म्हातारी आली. मी उभं राहून तिन्ही वाक्यं म्हटली. तिने जोडावरून अंगठा फिरवला, मग चिठ्ठी उचलली आणि एवढंच विचारलं, ही कुणी लिहिली? तेवढं मला समजलं.

"माय वाइफ," मी म्हणालो.

तिने आतल्या दाराकडे पाहिलं, बोलवा म्हणाल्यासारखं. मला तेच वाक्य हवं होतं, चौथं. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

ती स्टुलावर बसली आणि हळू आवाजात बराच वेळ काही बोलली. सवयीने माझी मान डोलायला लागली होती. ती मी थांबवली.

"नो," मी म्हणालो. "आय डोन्ट अंडरस्टँड."

तिने मान हलवली आणि पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगायला लागली.