रुमालाखालचा हात

रहिमतपूरच्या दवाखान्यातला कोंडीबा कंपाउंडर औषधं कमी आणि सूचना जास्त देतो, असं विजयमालाचं मत होतं. मार्गशीर्षात तिच्या नऊ वर्षांच्या उजूचा घसा सुजला, ताप चढला, तेव्हा त्याने गोळ्यांची पुडी बांधून दिली आणि खिडकीतून मान बाहेर काढून बजावलं, "वैनी, धा दिवस. पोरगी तिसऱ्या दिवशी उड्या मारंल, तरी धा दिवस. ह्ये घशातलं अर्धवट मारलं की डूक धरतंय. म्हैन्या-दोन म्हैन्यांनी काळजावर येतंय, न्हाईतर डोक्यावर."

विजयमाला साताऱ्याच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, तीही वनस्पतिशास्त्रात. घशातला आजार डोक्यात जायला वाटेत गाडी बदलतो की काय, असं मनात येऊन तिला हसूच आलं. तिसऱ्या दिवशी उजूने खरोखरच उड्या मारल्या. उरलेल्या गोळ्या विजयमालाने पुढच्या वेळेला होतील म्हणून हळदीच्या डब्यामागे ठेवल्या आणि लेकीला हळददूध सुरू केलं. घरचीच हळद होती, शेतातली.

फाल्गुनात उजूच्या हातून पहिला कप पडला. मग दुसरा. शुद्धलेखनाची अक्षरं ओळ सोडून भलतीकडे चालायला लागली. विजयमाला तशी डोळ्यांत तेल घालून लेकीला जपणारी. ताप, जेवण, शी, सगळं एका वहीत टिपून ठेवायची. त्या वहीत "आज दोन कप" असंही तिने लिहिलं, पण खाली शेरा मारला: धांदरटपणा. "नीट धर, नीट धर," असं दिवसातून पन्नास वेळा बोलली.

पुढे प्रार्थनेच्या वेळी उजूची जीभ बाहेर आली आणि भुवया नाचायला लागल्या. शिक्षिका लीलाबाईंना मुळातच भुवया उडवायची सवय. पोरगी आपली नक्कल करते अशी त्यांची खात्रीच पटली. वेडावणं थांबलं की पाठवा, असा निरोप देऊन त्यांनी तिला घरी धाडलं. सासू अंबूबाईंनी मिरच्यांनी दृष्ट काढली. नवरा लष्करात, सरहद्दीवर. त्याचं पत्र यायचं पंधरा दिवसांनी, आणि त्यात विचारपूस म्हशीची जास्त.

शेवटी सासरे, आप्पासो, नातीला घेऊन सांगलीला निघाले. त्यांची हळद बाजारात पोचली होती. पोरगी जरा गाव बघेल, म्हणाले.

सांगलीत हळदीचा दर तोंडाने कोणी बोलत नाही. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून दर सांगतात. आप्पासोंच्या अडत्याला, नानासोंना, नेमकं त्या दिवशी उजव्या हाताला नखुरडं झालं होतं. बोट भोपळ्याएवढं. मोठ्या माणसाचा हात लावावा तर तो आतून फितूर व्हायचा. लहान पोरीला कोण फितवणार? नानासोंनी उजूला सांगितलं, हात दाबला म्हणजे अजून वाढवा, सैल सोडला म्हणजे सौदा मान्य. मी खाकरलो की सैल सोड.

नानासो खाकरले. मग खोकले. मग त्यांना ठसका लागेपर्यंत खोकले. उजूचा हात काही सैल होईना. दाबायचा, सोडायचा, लगेच पुन्हा दाबायचा. खरेदीदारांना घाम फुटला. एवढं ताणून धरणारा अडत्या त्यांनी जन्मात बघितला नव्हता. या मालामागे कुणीतरी मोठं गिऱ्हाईक लपलंय अशी सगळ्यांची समजूत झाली आणि आप्पासोंच्या हळदीला असा दर आला की दोन हमाल कामं टाकून बघायला आले.

पुढच्या बाजाराला नानासोंनी दारात जीपगाडी उभी केली. त्याच्या पुढच्या बाजाराला गावोगावचे शेतकरी नारळ घेऊन आले. उजूला पोत्यांच्या थप्पीवर गादी घालून बसवलं, हाताला हळदकुंकू लावलं, रुमाल रेशमी आणला. तोवर तिचं पाऊलही अधूनमधून झटका द्यायला लागलं होतं. तेही शुभ ठरलं.

"मामंजी, त्या हाताला काहीतरी झालंय," विजयमालाने पदर सावरत एकदाचं सांगितलं.

आप्पासोंनी शांतपणे पान जुळवलं. "आगं, रोग असता तर दर पडला नसता व्हय?"

बीएस्सीने मग वही काढली. आप्पासो उजूला घेऊन पुन्हा सांगलीला गेले, तेव्हा ती वही घेऊन कोंडीबाच्या खिडकीशी उभी राहिली. त्याने "आज दोन कप" पासून सगळं वाचलं. मग विचारलं, जीभ बाहेर काढून ठेव म्हटलं तर राहते का? नाही राहत, ती म्हणाली.

"आन् हात धरल्यावर म्हशीची धार काढल्यागत दाबती का?"

विजयमालाने आपल्या हाताकडे बघितलं. महिनाभर सगळ्या बाजाराने तो हात धरला होता. तिने फक्त "नीट धर" म्हटलं होतं.

"गोळ्या किती उरल्या, वैनी?"

"चौदा."

मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. ते तिला जास्त लागलं. आत जाऊन त्याने दवाखान्यातल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणली, मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाची. आज धड असलेलं काळीज उद्या बिघडायला वेळ लागत नाही, एवढंच बोलला.

दुपारच्या गाडीने ती सांगलीला पोचली. सौद्याच्या जागी बायका जात नाहीत. ती गेली. जोतीराम नावाच्या जाड्या खरेदीदाराचा हात नुकताच रुमालातून बाहेर येत होता. तिने आपला हात आत घातला.

लेकीची बोटं तिच्या बोटांवर वळली. दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. उजूने वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "आई, मी नाही करत. तो आपोआप करतो."

"हा दर नाही," विजयमाला मोठ्याने म्हणाली. "ही आजारी आहे."

मग मागून कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, बाईनं किती लावला? लगेच चार हात रुमालाकडे सरसावले. पोरगी आजारी आहे म्हणून बाकीच्यांना हटवायची आणि माल न्यायची ही नवी युक्ती सगळ्यांना फार आवडली. तिने पोरीला रुमालासकट उचललं. जोतीराम हटायला तयार नव्हता. तोही टांग्यात चढला आणि मिरजेच्या गाडीत समोरच्या बाकावर बसून दर वाढवत राहिला. मागून आप्पासो, बगलेत नारळ.

मिरजेच्या डॉक्टरांनी उजूचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"सायेब, तुमी किती लावला?" जोतीरामने विचारलं.

डॉक्टरांनी नळी तिच्या छातीला लावली. मग ते म्हणाले की घशातले जंतू कधीच गेलेत. शरीर मात्र अजून त्यांच्याशी भांडतंय, आणि त्या भांडणात मेंदूला आणि काळजाला मार बसतोय. काळजात बारीक आवाज यायला लागलाय. वेळेवर आणली आहे. आता झोपून राहायचं, आणि दर महिन्याला इंजेक्शन, बरीच वर्षं.

"गोळ्या पुऱ्या दिल्या होत्या?"

"नाही," विजयमाला म्हणाली.

जोतीरामने टोपी काढून मांडीवर ठेवली. आप्पासोंच्या बगलेतला नारळ घरंगळत खाटेखाली गेला. तो कोणी काढला नाही.

उजू घरी अंथरुणावर पडून राहिली. आप्पासो रोज सकाळी तिच्या उशाशी बसायचे, तोच रेशमी रुमाल टाकून तिचा हात धरायचे आणि विजयमालाला सांगायचे, आज कालच्यापेक्षा कमी दाबलं. बाजारातून बोलावणी आली. नानासो स्वतः येऊन गेले, बोट बरं झाल्याचं दाखवून. आप्पासोंनी त्यांना चहा दिला, आत सोडलं नाही.

श्रावणातल्या एका सकाळी हात दाबलाच गेला नाही. तो म्हाताऱ्याच्या तळव्यात नुसता पडून राहिला, सैल आणि ऊबदार. आप्पासोंनी रुमालाने डोळे पुसले. "सौदा मान्य," म्हणाले.

काळजातला आवाज अजून आहे, बारीक. महिन्याच्या महिन्याला कोंडीबा सुई टोचतो आणि सूचना देतो. विजयमाला त्या वहीत लिहून घेते, शेरा मारत नाही. हळदीच्या डब्यामागची जागा तिने रिकामी ठेवली आहे. दुपारी ती पोस्टकार्डं लिहिते, माहेरी, मैत्रिणींना, लीलाबाईंना, नवऱ्याच्या पलटणीतल्या जवानांच्या बायकांना, आणि पत्ता मिळाला तर तुम्हालाही लिहील. मजकूर प्रत्येकीला एकच: तुमच्या गल्लीत हल्ली कप पाडणारी, तोंडं करते म्हणून मार खाणारी एखादी पोर असेल. मागे तिचा घसा कधी सुजला होता, हे तिच्या आईला विचारा. पण आधी तिच्या घरी जा, आणि तिचा हात हातात घेऊन बघा.