टेक्ससपुरते मयत

टेक्ससातल्या आमच्या काउंटीत लग्न लावायचं आणि माणूस मेला असं जाहीर करायचं, दोन्ही कामं एकाच बाईकडे. व्हर्लीन टब्स. आम्ही तिला जजबाई म्हणतो. एरवी तिचं टायरचं दुकान आहे. या ओसाड गावात डॉक्टर कशाला झक मारायला येतोय!

त्या शनिवारी एका म्हाताऱ्या गुराख्याचं मरण उरकून ती तशीच माझ्या भाचीच्या लग्नाला उभी राहिली. अरासेली आणि नेस्तोर हातात हात घालून समोर, आणि ही बया म्हणते कशी, "मला मिळालेल्या अधिकाराने मी या दोघांना मयत जाहीर करते." शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!

लोक हसले, तीही हसली आणि चूक सुधारायला लागली. पण माझी आई, ओतिलिया, पहिल्या बाकावरून उठली. मेलेल्यांची लग्नं लागत नाहीत म्हणाली. डॉक्टरने नाडी बघून दोघं जिवंत आहेत असं सांगितलं, तरच ती आशीर्वाद देणार. अरासेलीला लहानाची मोठी केली ती आईनेच. आजीच्या आशीर्वादाशिवाय लग्न नको म्हणून पोरगी रडायला लागली. तिकडे जेवणासाठी वाफवलेले माझे तमाले गार होत होते.

सगळ्यात जवळचा डॉक्टर अमसेल, राज्याच्या हद्दीपलीकडे न्यू मेक्सिकोत. अख्खी वरात गाड्यांत बसून तिथे. रस्त्यात गुरं अडवायला लोखंडी जाळी पुरलीय, तीच हद्द. डॉक्टर पलीकडे येऊन उभा राहिला, पण अलीकडे येईना. आमच्याकडे मयत तपासण्यासाठी त्याने टेक्ससचा परवाना कधीचा मागितलाय, आणि सरहद्दीच्या काउंट्यांसाठी वेगळा नियम होतोय, तोवर थांबा, एवढंच उत्तर येतंय.

"टेक्ससात मी कुणाच्या नाडीला हात लावणार नाही," तो म्हणाला. "आहे तोही परवाना जायचा."

मग जोडप्यानेच पलीकडे जावं, असं कुणीतरी सुचवलं. आई कसली ऐकते! न्यू मेक्सिकोत जिवंत असून काय करायचंय, पोरं मेलीत टेक्ससात, म्हणाली. शिवाय जजबाईंचा अधिकारही अलीकडेच चालतो.

माझं डोकं फिरलं. मी दोघांना जाळीच्या कडेला उभं केलं, पाय टेक्ससात, डावे हात न्यू मेक्सिकोत. डॉक्टरने मनगटं धरली. दोघंही जिवंत आहेत, नवरा जरा जास्तच, असं त्याने सांगितलं. जजबाईंनी त्याच दमात लग्न लावून टाकलं, या वेळी शब्द न चुकता.

सगळे आईकडे बघायला लागले. ती नातीकडे न जाता जाळीशी गेली.

"माझा चोन शेतात पडला, तेव्हाच्या जजने फोनवरच मयत म्हणून सांगितलं," ती डॉक्टरला म्हणाली. "कुणी हात धरून बघितलंच नाही हो. जिवंत असता तर?"

चोन म्हणजे आमचे वडील. हे ती आम्हाला कधीच बोलली नव्हती.

डॉक्टर जाळी ओलांडून सरळ टेक्ससात आला आणि त्याने आईचं मनगट धरलं, कितीतरी वेळ. जजबाई खाली वाकून माझ्या गाडीचं टायर बघत बसल्या. टायर अगदी नवं होतं.