कपाटातला 'रानसांगावा'

मी 'रानसांगावा', आरमोरीचं साप्ताहिक. दिल्लीत पत्रकारिता शिकून मंजुषा परतली, तेव्हा तिला वाटलं होतं की मी अजून गावोगावी वाचला जातो. तिला दिसलं एक लोखंडी कपाट, आणि त्यात प्रत्येक अंकाच्या वीस-वीस प्रती.

मला तिच्या वडिलांनी, गुणवंतरावांनी, जन्माला घातलं. दर शुक्रवारी माझ्या आठशे प्रती एसटीच्या टपावर बसून निघायच्या. धानाचा भाव, वाघाची खबर, बिघडलेला हातपंप. बाजारात एकजण वाचायचा, दहाजण ऐकायचे.

मग गुणवंतरावांची दृष्टी गेली. त्यांनी मला गिट्टीखदानीचा ठेकेदार प्रफुलभाऊ याला विकलं. त्याला हव्या होत्या फक्त जाहीर नोटिसा. नवी खदान काढायची तर आधी नोटीस पेपरात छापली पाहिजे, असा नियम आहे. तो पेपर कुणी वाचला का, हे कोणी विचारत नाही. म्हणून वीसच प्रती.

मंजुषाला त्याने हसत संपादक केलं. "बापाचा पेपर होय तुया. चालव."

तिने कामाच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या एका अंकावर सही केली. पान तीन वाचलं नाही.

महिन्याभराने, शुक्रवारी दुपारी, टेकडीखालच्या गावाहून बायनाबाई आली.

"तहसीलातले सायब म्हणते, हरकत घ्याची मुदत सोमवारी संपते. पेपरात आलं होतं म्हणते. कोणत्या पेपरात आलं, बाई?"

मंजुषाने कपाट उघडलं. पान तीन. तिने वाचून दाखवलं: सर्व्हे नंबर, हद्द, गिट्टीची खदान.

"हे तं आमची मोहाची टेकडी होय!" बायनाबाईने माझ्यावर बोट ठेवलं. "आमचीच खबर, अन् तू कपाटात कोंडून ठेवली? काऊन?"

पानाच्या तळाशी तिचंच नाव होतं. मी काय बोलणार? मला जीभ नाही. कोणी वाचेल तेव्हाच मी बोलतो.

बायनाबाई गेल्यावर मंजुषाने मालकाला फोन केला.

"अंक बाहेर गेला तं तुयं नाव पेपरावर राहणार नाई," प्रफुलभाऊ म्हणाला.

सकाळी तिने त्या अंकाच्या वीसही प्रती पिशवीत भरल्या, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बायनाबाईच्या गावाकडची सातची एसटी धरली. मी तिच्या मांडीवर आहे. पुढच्या अंकावर तिचं नाव नसेल, आणि त्यात मी काय बोलेन, तेही माझ्या हाती नाही.

सोमवारला दोन दिवस आहेत. गावात पोचलो की मला घडी घालून ठेवू नका. मोठ्याने वाचा.