दोरी बांधलेला दगड

अबुधाबीतल्या एका व्हिला कॉलनीच्या मागे जपानी बाग आहे. बाग म्हणजे पांढरी खडी, सात दगड आणि दोन वाकडी झाडं. एवढ्या जागेत आमच्याकडे कोकणात माणूस चार माड आणि एक फणस लावून मोकळा होईल. इथे दाताळ्याने खडीवर रेघा ओढतात. लोक येतात, गप्प बसतात, निघून जातात.

हे काम दगडूचं. तो माझ्या शेजारच्या गावचा, इथे माझ्याच खोलीतला. गणपतीच्या दिवसांत, हातात दाताळं असतानाच, छातीत कळ येऊन गेला. मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो. परत आलो तर सुपरवायझरने ती बाग माझ्याच गळ्यात मारली.

बागेच्या आतल्या वाटेवर काळ्या दोरीने बांधलेला, नारळाएवढा एक दगड असतो. जपान्यांत त्याचा अर्थ, इथून पुढे जाऊ नका. दगडूला तो गावाकडच्यासारखा जागेवाला देव वाटला. रोज डब्यातला पहिला घास तो त्याच्यावर ठेवायचा. मी हसून त्याला अर्थ समजावला होता. "मग झालंच की," तो म्हणाला, "वाट अडवतो म्हणजे राखणदारच." घास ठेवला की भिंतीवरचा कावळा लगेच खाली यायचा.

पहिल्या संध्याकाळी मी खडी सपाट करून गेलो. सकाळी येऊन बघतो तर मोठ्या दगडाभोवती तीन वेढे, डावीकडे खोल. दगडूचं मनगट मोडून वाकडं जुळलं होतं, रेघ अशी त्याचीच पडायची. आणि दोरीचा दगड फाटकाशी, बरोबर माझ्या वाटेत.

"कोई नहीं आया, हबीबी," वॉचमन हम्माद म्हणाला. "चाबी मेरे पास है."

दगड मी जागेवर नेऊन ठेवला. दुसऱ्या सकाळी परत फाटकाशी. असे सहा दिवस. मीही रोज त्याच्यावर घास ठेवला. कावळा भिंतीवरून नुसता बघायचा.

ही नजर मी आधी पाहिली होती. गावी, नदीवर, दगडूच्या दहाव्याला. पिंडाला कावळा शिवेना. त्याची बायको कावेरीवहिनी हात जोडून एकेक कबूल करत होती. पोरीला शिकवीन, सासूबाईंना अंतर देणार नाही. कावळे चिंचेवरून हलेनात. "अजून कोणाला काही बोलायचंय का?" भटजींनी विचारलं आणि शेवटी दर्भाचा कावळा केला. मला बोलायचं होतं. मी चपला शोधत राहिलो.

गणपतीची सुट्टी दगडूची होती. दोघांतल्या एकालाच सोडणार होते. मी त्याला सांगितलं, आई सीरियस आहे. आई ठणठणीत होती, मोदकांसाठी नारळ खवत होती. दगडूने सुट्टी मला दिली आणि घरी कळवलं, कंपनी नाही म्हणाली. वहिनी अजून कंपनीला शिव्या घालते.

सातव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"नागेशभावजी, तुम्ही त्याच बागेत ना? बघा ना, ह्यांचं काय राहिलंय तिथे. रोज स्वप्नात येतात. उंबऱ्याबाहेर उभे राहतात, आत येत नाहीत."

दगड समोर फाटकात होता. त्याच्यावर भात सुकत होता. दगडूची भीती एव्हाना मेली होती. आता भीती वाटत होती ती वहिनीची.

"वहिनी, कंपनीने सुट्टी नाकारली नव्हती. मी घेतली ती. आई आजारी आहे असं खोटं सांगून."

पलीकडे अंगणात कोंबड्या कलकलत होत्या.

"आई कशी आहे तुमची?" तिने विचारलं.

"बरी आहे."

"बरं."

भिंतीवरचा कावळा ओरडला, खाली उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

"शिवला?" कावळ्याचा आवाज ऐकून वहिनीने विचारलं.

"शिवला."

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी दोरीचा दगड आपल्या जागी होता. खडी मी सोडून गेलो तशीच कोरी. मला हायसं वाटायला हवं होतं. पण सहा दिवस दगडू निदान माझी वाट अडवायला तरी येत होता. आता कोणीच येत नाही, आणि वहिनीचा फोनही नाही. मी रोज दाताळं घेऊन मोठ्या दगडाभोवती तीन वेढे ओढतो, डावीकडे जोर देऊन. माझे दोन्ही हात सरळ आहेत. ती रेघ काही येत नाही.