शिव्या देण्यासाठी छापलेलं नाटक

मी एक नाटक आहे. अमेरिकेत लिहिलेलं, चिनी भाषेत आलेलं. साठच्या दशकात बीजिंगमध्ये मला छापलं, ते कुणाला आवडावं म्हणून नव्हे. मोजक्या अधिकाऱ्यांनी वाचावं आणि शत्रू किती सडलाय हे ओळखावं, एवढ्यासाठीच.

प्रस्तावनेत एका समीक्षकाने मला विषारी म्हटलं. माझ्यातल्या, बंद पडलेल्या गिरणीतल्या विधवेचं दुःख म्हणजे भांडवलदारांचं रडगाणं, असा त्याचा निकाल. अनुवादकाने मात्र तिचं एकेक वाक्य जिभेवर घोळवून लिहिलं होतं. पुढे सांस्कृतिक क्रांतीत भरसभेत त्याला उभं करून मला त्याच्याच तोंडावर मारलं. त्याच्या मुलीने मला युरोपात आणलं. ती वारल्यावर मी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात जुन्या पुस्तकांच्या दुकानात येऊन पडलो.

तिथून मला नीलांबरीने घेतलं. अमेरिकन नाटकांना चिनी समीक्षकांनी कसं वागवलं, यावर तिची पीएचडी चालली होती. कोरोनात विद्यापीठ बंद झालं, तेव्हा ती मला घेऊन ॲम्स्टरडॅमजवळ आम्स्टलफेनला थोरल्या बहिणीकडे, मेधाताईकडे राहायला गेली.

ताईचे यजमान रवींद्र झुइडास या ॲम्स्टरडॅमच्या व्यापारी भागातल्या एका बँकेत आयटीत. त्यांची आई पुण्यात कोविडने गेली. विमानं बंद, त्यामुळे अंत्यदर्शन मोबाइलवर. नंतर भारत-चीन सीमेवरच्या चकमकीच्या बातम्या आल्या. माझी चिनी अक्षरं त्यांना डोळ्यांसमोर नकोशी झाली. गोष्ट अमेरिकन आहे, चिन्यांनीही तिला झोडपलंय, असं नीलांबरीने परोपरीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

एका सकाळी ती ऑनलाइन मीटिंगमध्ये असताना त्यांनी मला बाहेरच्या रद्दीच्या डब्यात टाकलं. झाकण उघडंच राहिलं. पाऊस आला.

तिने मला निथळत घरात आणलं.

"भाऊजी, ज्याने याला विषारी म्हटलं, त्याने निदान वाचलं तरी होतं."

"माझी आई गेली, नीलांबरी. मला काही वाचायचं नाही."

मेधाताई मध्ये उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "तू आता ग्रोनिंगनला तुझ्या खोलीवर जा."

आता मी ग्रोनिंगनला खिडकीत फुगून पडलोय. रवींद्र नीलांबरीशी बोलत नाहीत. ते सायकल घेऊन बाहेर पडले की ताई चोरून फोन करते. नीलांबरी लोण्याच्या सुरीने माझा चिकटलेला शेवटचा अंक सोडवत असते. पान फाटलं की विधवेचं एक वाक्य जातं.

रवींद्रांवर माझा राग नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. माझ्यावर माया करा, असंही मी मागत नाही. टाकायचंच असेल तर टाका. पण त्याआधी त्या बाईला एकदा बोलू द्या.