सहा तासांचा पाऊस

पूर-कार्यालयातल्या ताईकडे हवामानाचा अंदाज यायचा तो सहा-सहा तासांच्या पावसाचा. ती त्याचे तासागणिक सहा सारखे भाग करून, पाणी कधी चढेल ते सांगणाऱ्या नदीच्या गणिताला द्यायची. मागच्या वर्षी पूर सांगितल्यापेक्षा तीन तास आधी आला आणि तिच्या मावशीची शिलाई मशीन पाण्यात गेली. मावशी गिऱ्हाइकांचे कपडे हातानं शिवत बसली, तेच ताईला जास्त लागलं.

यंदा तिनं डोंगरावरच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी उपसल्या. तिथं निम्म्याहून जास्त पाऊस पहिल्या दोन तासांतच कोसळत होता. अंदाजातला पाऊस आता त्याच प्रमाणात सहा तासांत विभागायचं तिनं ठरवलं.

"एकूण पाऊस तेवढाच ना? मग कशाला डोकं शिणवता?" साहेबांनी विचारलं.

"बादली तांब्या-तांब्यानं अंगावर घेतली काय नि एकदम उपडी झाली काय, साहेब, पाणी तेवढंच असतं. पण दणका तेवढाच बसतो का?"

साहेब हसले, पण मागच्या पुराचं गणित तिनं नव्यानं करून दाखवलं आणि त्यात पूर खरोखर आला तीच वेळ निघाली, तेव्हा त्यांनी नवी वाटणी वापरायला सांगितलं.

महिन्याभरानं मोठ्या पावसाचा अंदाज आला. ताईनं पुरासाठी दुपारी एकची वेळ दिली, साहेबांनी त्याआधी नदीकाठची वस्ती हलवली. पाणी एक वाजून वीस मिनिटांनी शिरलं, तेव्हा घरं रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी ताई ती वीस मिनिटं शोधायला बसली.