सुनेच्या हातचं सूप

तियानाने सुपाच्या डब्याचं झाकण काढलं आणि रुझाने तो तिच्या हातून ओढूनच घेतला. आधी वास घेतला, मग चमच्याने तळापर्यंत ढवळून पाहिलं.

"कोंबडीच आहे, आई," तियाना म्हणाली.

"कोंबडी दिसतेय गं. कोंबडीबरोबर काय आहे, ते बघतेय."

इस्पितळाच्या खाटेवर रुझाचा एकुलता एक मुलगा गोय्को डोळे मिटून पडला होता. उघडले की ते हळदीसारखे पिवळे दिसत. डॉक्टर पेरिशिचांनी सांगितलं होतं, यकृताला सूज आहे, तीही जंतूंमुळे नाही, पोटात गेलेल्या कशामुळे तरी. औषधं? दारू? रानातली अळंबी? रुझाने तिन्हींना नकाराची मान हलवली होती. "घरात स्वयंपाक ही करते," एवढं मात्र तिने सुनेकडे बघत ऐकवलं.

सून नोवी सादची, शहरातली. चीज दुकानातून आणणारी, अंगणात फोनवर एकटीच हसणारी. गोय्कोने तिला डोंगरात आणली त्या दिवसापासून रुझाच्या मनात पाल चुकचुकत होती, आणि आता तर तिची खात्रीच पटली. तिने इतका आरडाओरडा केला की डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलं आणि आत एकाच माणसाला सोडायचं ठरवलं. त्यासाठी दिलेला पास रुझाने आपल्या गळ्यात अडकवला. तियाना खाली पायऱ्यांवर बसून राहू लागली.

रुझा खाणं आणत नसे. तिच्या कोटाच्या आत असे काढ्याचा थर्मास. त्या डोंगरात आजारी माणसाला इवा नावाच्या रानझुडपाच्या पाल्याचा काढा देतात. तो औषधात धरत नाहीत की खाण्यात, म्हणून डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या मनातही येत नाही. उन्हाळ्यात गोय्कोच्या छातीत जळजळू लागलं तेव्हापासून ती त्याला तो पाजत होती. आता काविळीवर तिने तो अधिकच दाट केला.

"पी, बाळा. कडू आहे म्हणूनच गुण आहे."

गोय्को मुकाट्याने पीत असे. पण कावीळ उतरेना. तो बरळू लागला, तेव्हा डॉक्टरांनी रुझाला बाजूला घेतलं.

"असंच चाललं तर बेलग्रेडला हलवावं लागेल. नवं यकृत मिळालं तरच जगेल."

"पोलिसांना बोलवा! त्या सटवीला आधी आत टाका!"

"मावशी, तिला मी दारापाशीही येऊ देत नाही. तरी त्याच्या पोटात विष जातंय. त्याच्याजवळ येतं कोण?"

"मीच की."

बोलली आणि तिचा हात कोटातल्या थर्मासवर गेला. डॉक्टरांनी हात पुढे केला. रुझाने बराच वेळ थर्मास छातीशी धरून ठेवला, मग दिला.

"इवा आहे. मी जन्मभर पितेय, बघा माझे डोळे! कुठे पिवळे आहेत?"

"हीच पिता?"

"माझी गेल्या वर्षीची, जुनी. त्याला ताजी दिली." तिचा आवाज उतरला. "इवा उघड्या कड्यावर असते. यंदा गुडघ्यांनी चढवेना. मग ओकांखाली गुलाबी फुलांची असते ना, तिची बहीण, ती खुडली. तीही लोक पितातच."

"पितात. आणि त्यातल्या काहींचं यकृत गेलेलं मी पाहिलंय. आज थांबलात तर सावरेल कदाचित."

रुझा कठड्याला धरून खाली आली. तियाना लगबगीने उठली. "काही खाल्लं त्याने?"

"मीच पाजत होते गं," रुझा म्हणाली. "काढा. तू नाहीस, मीच."

तियानाने तिच्याकडे नीट पाहिलं. "मला शंका होतीच. त्याला म्हटलंही, नको पिऊस. म्हणाला, आईला वाईट वाटेल."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी, आई? तुमच्याशी?"

लाजेने रुझाला मान वर करवेना. तिने गळ्यातला पास काढून सुनेच्या हातात कोंबला.

"वर जा," ती म्हणाली. "आणि मी मागून आलेच, तर मला झडती घेतल्याशिवाय त्याच्याजवळ येऊ देऊ नकोस."